बटणांचं विवरणपत्र

२ जून

गुंडे,

आशीर्वाद आधी घे, बोलणी मागाहून येतातच आहेत.

तुझं पत्र पोचलं. तुझ्या कंपनीने टॅक्स भरायचं सॉफ्टवेअर काढलंय, त्यातले प्रश्न सोप्या भाषेत लिहायचं काम तुला मिळालंय, आणि ह्या वर्षी माझा रिटर्न नेहमीच्या टॅक्सवाल्यांकडे न देता तू त्यातून भरणार आहेस, इथवर समजलं. 'अक्षर न येणारी माझी आजीसुद्धा भरू शकते' असं तू साहेबांना सांगून बसलीस, तेही समजलं. अठ्ठ्याहत्तर वर्षं ही गोष्ट मी घरातल्या घरात ठेवली होती. तू ती ऑफिसात नेऊन टांगलीस. असो. मोठी झालीस.

भर बाई, माझी ना नाही. शिंप्यांनी शर्टांचे गठ्ठे पाठवायचे, मी काजं करून, बटणं लावून परत द्यायचे, एवढा तर माझा धंदा. त्यावर टॅक्सवाल्यांनी बावीस वर्षं इतकं काय लिहिलं, हे मलाही कोडंच आहे.

त्यांना हे आजच कळलं, तेही आडवळणाने. चेहरा जरा उतरला. त्यांची कोपऱ्यावरची ती जिन्याखालची खोली तुला आठवत असेल. पूर्वी बाहेरच्या बाकावर माणसं ताटकळत बसायची. आता बाकावर कुत्रं झोपतं. गिऱ्हाइकं पाच उरलीत, मी गेले की चार. शेजारचा झेरॉक्सवाला ती खोली मागतोय आणि त्याला तीस तारखेच्या संध्याकाळी सहापर्यंत हो की नाही सांगायचंय. काम नसेल तर खोली सोडून बहिणीकडे राहायला जाईन म्हणतात. बहिणीचं घर इथून दोन दिवसांच्या वाटेवर. जाईनात का. मला काय त्याचं? मला काहीच नाही. हे दोनदा लिहायला सांगितलंय, दोनदा लिहिलंय का बघ.

फोन का करत नाहीस म्हणून विचारू नकोस. फोनवर तू मधे मधे बोलतेस. पत्रात मी एकटी बोलते.

आणि हे पत्र कोण लिहून देतं तेही विचारू नकोस. अक्षर चांगलं आहे म्हणतात. मला सगळी मुंग्यांचीच रांग.

तुझी आजी


६ जून

प्रिय आजी,

नमस्कार, आणि एकदम तीन उड्या! तू हो म्हणशील असं वाटलं नव्हतं.

आता काळजी सोड. वीस मिनिटांचं काम आहे. सॉफ्टवेअर प्रश्न विचारतं, आपण उत्तर द्यायचं, की पुढचं पान. ते कधी 'उद्या या' म्हणत नाही. कार्बन पेपर शोधत नाही. तुझे ते टॅक्सवाले आठवतात मला. चष्म्याच्या दांडीला रबरबँड, एक ओळ लिहिली की दोनदा फुंकर, आणि मग 'मावशी, अंगठा.' त्याचे वर पैसे! बावीस वर्षं त्यांनी तुला गुंडाळलंय, आजी. खोली सोडून बहिणीकडे गेले तर त्यांनाही विश्रांती आणि कागदांनाही.

खालची उत्तरं पाठव. प्रश्न मीच लिहिलेत, म्हणजे सोपे आहेत. तू विवाहित आहेस का? तुझ्यावर कितीजण अवलंबून आहेत? यंदा काही नुकसान झालं का? घराचा किती भाग व्यवसायासाठी वापरतेस? आणि मुख्य म्हणजे व्यवसाय काय, ते तुझ्या शब्दांत सांग. वर्षभराच्या जमाखर्चाचं जे काही असेल तेही पाठवून दे.

पत्र लिहून देणाऱ्या बाईंना माझा नमस्कार. अक्षर अगदी शाळेतल्या बाईंसारखं आहे. त्याच आहेत का?

तुझीच,
गुंडी


१० जून

गुंडे,

तुझं पत्र मला वाचून दाखवताना वाचणाऱ्याला मधेच खोकल्याची उबळ आली. रबरबँडपाशी. पाणी दिलं. मग 'गुंडाळलंय'पाशी पुन्हा आली. मी म्हटलं, पुढे वाचा, नात माझी आहे, खोकायचं असेल तर मी खोकेन.

(चष्म्याच्या दांडीला रबरबँड नाही, दोरा आहे. — लेखनिक)

हे कंसात काहीतरी खरडलं गेलंय. मी सांगितलेलं नाही. विचारलं तर म्हणतात, शाईचा डाग आहे.

आता उत्तरं घे.

विवाहित आहेस का? होते. आता माणूस नाही पण सवय आहे, अजून पलंगाच्या एका कडेलाच झोपते. ह्याच्यासाठी तुझ्या सॉफ्टवेअरात चौकोन असेल तर त्यात खूण कर.

अवलंबून किती? मोज. कोंबड्या दोन. वरच्या मजल्यावरची एक, जिला जन्मात स्वतःची चाळणी घ्यायला झाली नाही. शिंपी तीन, कापड कापतात ऐटीत, पण काज म्हटलं की हात थरथरतात. झेरॉक्सवाला, त्याच्या दुकानाची दुसरी किल्ली माझ्याकडे असते, कारण पहिली तो हरवतो. तू. आणि हे लिहिणारं पेन, जे चहा पोटात गेल्याशिवाय चालत नाही. किती झाले? नऊ.

नुकसान? दोन दात आणि एक कात्री. कात्रीचं जास्त वाईट वाटलं.

घराचा किती भाग? बसते खिडकीपाशी, पण सुया घरभर सापडतात. परवा एक अंथरुणात सापडली, म्हणजे तिनेच मला शोधलं. तेव्हा सगळं घर लिही.

व्यवसाय काय? भोकं पाडते. पाडल्यावर ती नीट राहावीत म्हणून कडेने बंदोबस्त करते.

सोबत सगळं वर्ष बांधून पाठवलंय. बारा माळा आहेत. एकही इकडची तिकडे होऊ देऊ नकोस. नीट लाव.

टॅक्सवाल्यांनी खोलीतली कपाटं झाडायला घेतलीत. दोन पोती रद्दी निघाली. मला काय त्याचं? हे एकदाच लिहायला सांगितलं होतं. आता दोनदा का वाचून दाखवताहेत कोण जाणे.

तुझी आजी


१५ जून

प्रिय, प्रिय, प्रिय आजी!

काय सुंदर बटणं पाठवलीस ग! मी तर नाचलेच. पांढरी, काळी, पितळी. तू 'नीट लाव' म्हणालीस ना, तर अशी लावलीत की बघत राहशील! माझा राखाडी कोट आहे, त्याच्यावर. पांढरी सगळी पोटावर, काळी पाठीवर, पितळी दोन्ही बाह्यांवर. पांढरी थोडी कमी पडली, म्हणून बाजारातून तशीच चौदा आणून नक्षी पुरी केली. ऑफिसात दिवसभर लोक मागे वळून बघत होते. साहेब म्हणाले, कोट चालताना वाजतो.

पण आजी, जमाखर्चाचे कागद पुडक्यात नव्हते. विसरलीस का? लवकर पाठव, कारण इकडे थोडी गंमत झालीय.

सॉफ्टवेअरमध्ये व्यवसायांची यादी आहे, तीतूनच एक निवडावा लागतो. 'काजं करणे' त्यात नाही. म्हणून तुझ्या शब्दांत 'भोकं पाडणे' लिहिलं. त्याने लगेच तुला 'विहिरी व कूपनलिका खोदणे' ह्या सदरात घातलं. तिथून बाहेर येता येत नाहीये. भोकांची सरासरी खोली विचारतंय. मी अर्धा इंच लिहिलं, तर म्हणतं पाणी लागलं का. आता एका पानावर अडकलेय: तुझ्याकडे स्फोटकांचा परवाना आहे का? 'नाही' दाबलं की पुढे जातच नाही.

एक मात्र छान झालं. नऊ अवलंबित, दातांचं नुकसान आणि सगळं घर घातल्यावर पडद्यावर रंगीत कागद उडाले आणि 'अभिनंदन! सरकारच तुम्हाला पैसे देणं लागतं' असं आलं. कोंबड्यांची जन्मतारीख तेवढी हवी.

अजून 'पाठवा'चं बटण दाबलेलं नाही. परवान्याचं कळव.

लेखनिक बाईंनाही चष्मा आहे वाटतं? त्यांना म्हणावं, दोरा छान दिसत असेल.

तुझीच,
गुंडी


१९ जून

गुंडे,

काहीही दाबू नकोस. बोटं खिशात घाल आणि मग पुढचं वाच. वाचायला हात लागत असतील तर एकच बाहेर काढ.

स्फोटकांचा परवाना माझ्याकडे नाही. तुझं पत्र ऐकल्यापासून घ्यावासा वाटतोय.

आता पहिली गोष्ट. तुझं येणारं पत्र मला वाचून दाखवणारा, माझं जाणारं लिहून देणारा, आणि बावीस वर्षं मला गुंडाळणारा, हे तीन नाहीत ग. एकच आहे. तुझं पत्र आलं की येतो, टॅक्सवाला म्हणून नाही, पत्रं वाचायला-लिहायला. रबरबँडही त्यांनीच वाचला आणि कागदांची विश्रांतीही. एक शब्द गाळला नाही. मी खडसावून विचारलं, 'अहो टॅक्सवाले, ते वाक्य खाल्लं असतंत तर मला कळलं असतं का?' तर म्हणाले, 'मावशी, लिहिलेलं असेल ते वाचायचं. आमच्या धंद्यात खायला बंदी आहे.'

आता दुसरी गोष्ट, ती जरा खाली बसून वाच. ती बटणं माझा जमाखर्च आहे.

मला लिहिता येत नाही, मग मी लक्षात कशात ठेवणार? एक पांढरं बटण म्हणजे एका गठ्ठ्याचे पैसे हातात आले. काळं म्हणजे गठ्ठा गेला, पैसे यायचेत. पितळी म्हणजे मी दोरा-सुई-मेणावर घातले. दर महिन्याची एक माळ. टॅक्सवाले दर वर्षी खिडकीत बसून ती माळ बोटांतून ओढतात आणि कागदावर उतरवतात. 'नीट लाव' म्हणजे हिशोब नीट लाव, बयो! तू शिवत बसलीस!

(मी 'हिशोब' हा शब्द घालणार होतो. मावशी म्हणाल्या, मी सांगते तेवढंच लिहा, शब्दाला शब्द लावू नका. — टॅक्सवाले)

म्हणजे माझं अख्खं वर्ष तू अंगात घालून हिंडते आहेस. पोटावर माझी कमाई, पाठीवर माझी उधारी. आणि वर चौदा पांढरी बाजारातून! जे गठ्ठे मी कधी पाहिले नाहीत त्यांच्यावर मी टॅक्स भरू? हे ऐकून ह्यांनी कपाळावर हात मारला, आणि मग हसू फुटलं. बावीस वर्षांत मी ह्यांना हसताना पाहिलं नव्हतं. वरचे दोन दात नाहीत. सारखेच निघालो.

पण हसून झाल्यावर चष्मा पुसला. म्हणाले, ह्या चौदा खोट्या गठ्ठ्यांसकट सगळं निस्तरता येईल, मावशी, जाता जाता एवढं करून जातो. 'जाता जाता' म्हणाले. गुंडे, मी 'मला काय त्याचं' म्हणणार होते, पण तोंडातून निघेना.

कोट काढ. बटण न उसवता पाठव. पावसात भिजवू नकोस.

तुझी आजी


२४ जून

आजी,

मला जमीन दुभंगून आत घेऊ दे. हवं तर तुझ्या कूपनलिकेत सोड.

टॅक्सवाले काका, हे तुम्हीच वाचताय, तेव्हा आधी तुमच्याशीच बोलते. चुकले. रबरबँडबद्दल, कागदांच्या विश्रांतीबद्दल, 'गुंडाळलंय'बद्दल आणि तुम्हाला दोनदा बाई म्हटल्याबद्दल. हे मला एक चापटी मारल्यासारखं मोठ्याने वाचा, म्हणजे आजीला बरं वाटेल.

सॉफ्टवेअरमधलं सगळं पुसून टाकलं. जाताना त्याने विचारलं, 'विहीर बंद करायची खात्री आहे का?' मी हो म्हटलं.

कोट आजच्या पार्सलने निघालाय. माझी चौदा कुठली, तुझी कुठली, ते मला सांगता येत नाही, आजी. हुबेहूब निवडली होती ना. तेवढीच अक्कल नेमकी नको तिथे चालली.

आता एक हळूच सांगते. हा सगळा प्रकार मी साहेबांसमोर कबूल केला, तर ते ओरडले नाहीत. दार लावून घेतलं आणि म्हणाले, 'मलाही मागच्या वर्षी त्याने दीपगृहाचा रखवालदार केलं होतं. अजून निस्तरतोय.' मग शेजारच्या टेबलावरच्या दोघांनी विचारलं, तुझे ते बटणं वाचणारे काका बाहेरचं काम घेतात का? त्यांचे कागद कोटाच्या आतल्या खिशांत आहेत. साहेबांचेही. कंपनीत कुणाला कळू द्यायचं नाही, आमचंच सॉफ्टवेअर आहे.

काका, जाऊ नका. निदान कोट वाचून होईपर्यंत तरी.

तुमची दोघांची,
गुंडी


३० जून

गुंडे,

कोट परवा आला. आतून हाडामांसाचं कुणी नाही तरी येताना दारात असा खणखणला, की कोंबड्या पलंगाखाली.

दाराच्या खुंटीला टांगला. टॅक्सवाले समोर खुर्ची ओढून बसले आणि त्याच्याकडे असे बघायला लागले, जसा काही तो पहिल्यांदाच रिटर्न भरायला आलाय. 'बसा' म्हणायचे तेवढे राहिले.

पितळी सोपी गेली. काळी पाठीवरून मोजली, त्यांत मधल्या शिंप्याची किती ते मी बोटाने चाचपून सांगितलं. तो गठ्ठा उशिरा आणतो म्हणून त्याची बटणं मी मुद्दाम कडा फुटलेली घेते. खरा घोळ पोटावरचा. तुझी चौदा शोधायची कशी? हे म्हणाले, 'मावशी, तुम्ही माळ कशात ओवता?' मी म्हटलं, मेणाच्या दोऱ्यात. 'मग तुमच्या बटणाच्या भोकात मेण राहणार, बाजारच्यात नाही.' आणि गुंडे, हा एवढा मोठा माणूस, चष्मा कपाळावर चढवून, कोटाच्या पोटात नाक खुपसून एकेक बटण हुंगायला लागला.

नेमका त्याच वेळी झेरॉक्सवाला दारात.

'काका, खोलीचं काय ठरलं?'

'थांबा हो जरा,' हे नाक न काढता म्हणाले. 'पाठ झाली, बाह्या झाल्या. पोटावर आहे.'

'कोणाच्या?'

'मावशींच्या.'

तो जो वळला, तो पायात एकच चप्पल घालून गेला. दुसरी अजून दारात आहे, किल्लीशेजारी ठेवलीय.

तेरा बटणं हुंगून सापडली. चौदावं सापडेना. शेवटी मी चार संशयित दातांखाली धरली आणि ओळखलं. जे दात उरलेत त्यांत एवढं भागतं. काल रिटर्न कागदावर उतरला, फुंकर दोनदा मारली, मी अंगठा दिला आणि हे स्वतः जाऊन टॅक्स ऑफिसच्या खिडकीवर देऊन आले. 'व्यवसाय'पुढे काय लिहिलंत, विचारलं. म्हणाले, 'काजं करणे. यादीत नसलं तर त्यांनी यादी वाढवावी.'

आतल्या खिशांतले कागद घेतलेत. तुझ्या साहेबांचं दीपगृह बघून म्हणाले, हे तीन आठवड्यांचं काम आहे. पण 'घेतो' म्हणाले नाहीत, 'बघतो' म्हणाले. कपाटं अजून बांधलेलीच आहेत.

आता शेवटचं. गुंडे, तू त्यांना विचार, बहिणीकडे जायचं खरंच आहे का, की चार गिऱ्हाइकांची लाज वाटून चाललात? मी विचारणार नाही. मी विचारलं तर म्हणतील, म्हातारी पत्रं लिहून घ्यायला गळ घालते. आणि ते खरंच आहे. ह्यांच्याआधी माझी पत्रं लिहायला तीन जण होते. तिघेही माझ्या बोलण्याला शहाणं करून लिहायचे. ह्यांनी माझा आचरटपणा जसाच्या तसा उतरवला. हे गेले तर मी तुझ्याशी बोलू कशी? एवढं विचार. आणि मी विचारायला सांगितलं म्हणू नकोस.

लिहा. का थांबलात? लिहा म्हटलं ना. डोळ्यात काही गेलं असेल तर पुसा आणि लिहा.

तुझी आजी

(गुंडीताई, मावशींनी समोरासमोर बसून मला हा प्रश्न पोस्टाने पाठवला आहे. तो तुमच्याकडे पोचायला तीन-चार दिवस, तुम्ही विचारून तो इकडे यायला तितकेच. झेरॉक्सवाल्यांना आज सहापर्यंत सांगायचं आहे, आणि आता पाच वाजून दहा झालेत. तेव्हा पाकीट टाकायला जातो तसाच त्यांच्याकडे जाऊन, खोली देत नाही, असं सांगून येतो. मावशींना काही बोललेलो नाही. त्यांनी मला विचारलेलंच नाही, तर उत्तर कसं देणार? आपण पत्राने कळवावं. वाचून मीच दाखवीन. — टॅक्सवाले)


४ जुलै

आजी,

तुला कळवायचं ते असं: काका कुठेही जात नाहीयेत. गेल्या तीस तारखेपासूनच. इतके दिवस तुझ्यासमोर बसून त्यांनी हे पोटात ठेवलं आहे, कारण तू त्यांना विचारलं नाहीस आणि मला विचारायला लावलंस. तुम्ही दोघं एका खोलीत बसून मला तिकीट लावायला लावता, हे काही बरोबर नाही.

आता वर बघ. हे वाचताना त्यांचा चेहरा कसा झालाय, ते मला सविस्तर लिहून पाठव.

काका, हे पुढचं तुमच्यासाठी. ती सांगेल तसं लिहायचं. तुमच्या चेहऱ्याचा भाग गाळायचा नाही. तुमच्या धंद्यात खायला बंदी आहे.

गुंडी